एकास सतरा

सांगते, पण मधे कुणी हसायचं नाही. हसलात तर चहा अर्धा टाकून उठेन, आणि मी खरंच उठते हे तुम्हाला माहीत आहे. धुळ्याच्या हायवेवर, भर दुपारी, रस्त्याने जाणाऱ्या निम्म्या खानदेशासमोर माझी जी शोभा झाली, ती आठवली की अजून कान तापतात. आणि चूक माझी नव्हती! म्हणजे… ऐका आधी.

माझा नाद तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते, मी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे ट्रक बनवते. ते बटणावर बटण दाबून बसवायचे ठोकळे असतात ना, मुलांच्या खेळण्यातले, तेच. आमचा रोहन नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची ठोकळ्यांची पेटी माळ्यावर पडून राहिली. शाळेतून रिटायर झाल्यावर एकदा ती मी उघडली, आणि मग बंद केलीच नाही. इतर बायका भिशी लावतात, मी चाकं लावते. यात कुणाच्या पोटात दुखायचं काय कारण? पण दुखतं! "वंदनाताई, या वयात खेळणी?" म्हणे. अहो, या वयात तुम्ही दिवसभर मोबाइलवर दुसऱ्यांच्या सुनांची भांडणं बघता, त्याला कोणी काही म्हणतं का?

बंगले, किल्ले, विमानं असलं काही मी करत नाही. फक्त ट्रक. आपल्या रस्त्यावर पळतात तसले, समोर लिंबू-मिरची, मागे माल भरायचा हौदा, त्याला उघडणारा फाळका, वर ताडपत्री. आणि सगळं मापात. उगाच दिसायला ट्रक आणि मापाला हातगाडी, असलं माझ्याकडे चालत नाही. आयुष्यभर गणित शिकवलंय मी.

तर झालं असं. ठोकळ्यांचा नाद असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात मी माझ्या नव्या बारा चाकी ट्रकचा फोटो टाकला. निळा ट्रक, महिनोन्‌महिने खपून केलेला. त्यावर कुणा इंजिनिअरने लिहिलं, "काकू, छान प्रयत्न! पण हौदा फारच उंच झालाय. मालगाडीचा डबा वाटतो. एकदा खरा ट्रक नीट बघून घ्या."

छान प्रयत्न! मी स्वतः पोरांच्या वह्यांवर आयुष्यभर "छान प्रयत्न" लिहीत आले. त्याचा अर्थ मला शिकवता? त्याचा अर्थ नापास!

आणि काकू कोण? कुणाची काकू?

मला रात्रभर झोप नाही. सकाळी आमच्या ह्यांनी विचारलं, "पोहे करतेस का?" मी म्हणाले, "हौदा उंच नाहीये!" ते बिचारे स्वतः उठून पोहे करायला लागले. मी कपाटातून सुतारकामाची टेप काढली, अंगात तो उन्हाचा खाकी कोट चढवला, डोळ्यांवर काळा गॉगल लावला आणि स्कूटी काढली. आता बघतेच म्हटलं खरा ट्रक.

आम्ही देवपूरला राहतो. तिथून हायवेला लागून थोडं पुढे गेलं की एक ढाबा आहे, तिथे नरडाण्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्या जेवायला थांबतात. गेले तर काय नशीब! अगदी माझ्याच ट्रकचा थोरला भाऊ उभा. बारा चाकी, निळा, रिकामा. ड्रायव्हर निंबाखाली खाटेवर झोपलेला. आता झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं? मी आपली टेप काढली आणि कामाला लागले.

चाकं मोजली. दोन चाकांमधलं अंतर मोजलं. खाली वाकून, शेवटी झोपूनच, पोटाखालचे दांडे कसे जोडलेत ते बघितलं, फोटो काढले. मग फाळक्यावर पाय देऊन वर चढले आणि हौद्याची उंची घेतली. आणि काय सांगू! मापाच्या हिशेबाने तो माझ्या ट्रकच्या हौद्यापेक्षाही उंच निघाला! माझा ट्रक उलट बुटका होता! मी तिथूनच ओरडले, "सापडलं! उंच आहे! चांगलाच उंच आहे हौदा!"

खाटेवरचा ड्रायव्हर ताडकन उठला.

"काय व्हयनं, मॅडम?"

"हौदा बघा किती उंच आहे तुमचा! मी मोजलाय. आता बघते कोण बोलतो ते. हे काम कुणी केलं? मला त्याला भेटायचंय."

माणसाचा चेहरा असा उतरला म्हणता! हात जोडून म्हणाला, "मॅडम, गाडी मन्ही नही, शेठनी शे. उंच तेसनीच करेल शे. मी नुसता चालवस. माले काय म्हाईत नही."

"मग शेठना बोलवा."

तो फोन घेऊन लांब गेला. परत आला तो खुर्ची घेऊनच. खांद्यावरच्या गमछाने खुर्ची पुसली. पाठोपाठ थंड पाणी, चहा, गरम भजी. मी मनात म्हटलं, बघा! ग्रुपवरच्या इंजिनिअरला कळत नाही, आणि हायवेवरच्या माणसाला कलेची किंमत आहे. डोळे भरून येणार होते माझे. पण राग इतका होता की त्यांना जागाच मिळाली नाही.

थोड्या वेळात शेठ मोटारसायकलवरून आले. पांढरा शर्ट, कपाळाला घाम. नमस्कार केला.

"मॅडम, कधी बदलून आलात धुळ्याला?"

"बदलून कुठली? मी इथलीच, देवपूरची."

"अरे वा! म्हणजे घरचंच माणूस." मग दुसरी खुर्ची माझ्याजवळ ओढून एकदम हळू आवाजात, "तर मग मॅडम… तुमचं काय चालतं?"

आता मला सांगा, हातात ट्रकची मापं, डोक्यात ट्रक, समोर ट्रक. कुणी विचारलं तुमचं काय चालतं, तर मी काय समजणार? खऱ्या ट्रकच्या किती पट लहान करता, हेच ना?

मी म्हणाले, "माझं एकास सतरा."

शेठनी रुमालाने कपाळ पुसलं. "सतरा? एका गाडीला?"

"सगळ्याच गाड्यांना. मी लहान-मोठी बघत नाही. सतरा म्हणजे सतरा."

"मॅडम, तुमच्या आधीचे होते ते दहाला करायचे."

माझ्या आधी! म्हणजे या धुळ्यात माझ्या आधी कोणी तरी ट्रक करत होतं आणि मला पत्ताच नाही! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "दहाला? दहाला कोण शहाणा माणूस करतो? दहाला केलं तर माझ्या कपाटात मावणार नाही!"

"कपाटात?"

"मग कुठे ठेवायचं? उघड्यावर? येणारा जाणारा हात लावतो."

"नाही नाही, बरोबर आहे," शेठ घाईने म्हणाले. "उघड्यावर ठेवण्यासारखं नाहीच ते. पण बारा करा ना, मॅडम. धंद्यात काही राहिलं नाही हो."

"अहो भाऊ, ते माझ्या हातात आहे का? सगळं चाकावर ठरतं. जेवढं चाक, तेवढा बाकीचा हिशेब."

"चाकावर?" शेठनी गाडीकडे बघितलं. त्यांचे ओठ हलायला लागले. माणूस बाराच्या पाढ्यात अडकलाय हे मला, गणिताच्या बाईला, लगेच कळलं. फक्त कशासाठी, ते कळलं नाही. "म्हणजे मॅडम, दर चाकाला सतरा?"

हे ऐकून ड्रायव्हर जमिनीवरच बसला.

आणि माझा तोल गेला. एवढं सोपं गुणोत्तर! "दर चाकाला कसं असेल? बाराच्या बारा चाकं धरून, अख्ख्या गाडीला मिळून सतरा! साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला? सातवीत काय करत होतात? खिडकीबाहेर बघत होतात?"

माझा वर्गातला आवाज तुम्हाला माहीत आहे. ढाब्यातले लोक ताटं सोडून बाहेर आले. हायवेवरच्या दोन-तीन गाड्या थांबल्या. एवढ्या लोकांसमोर सातवी काढल्यावर शेठचाही पारा चढला.

"ओ मॅडम! काही मर्यादा आहे की नाही? खायचं तरी किती माणसानं!"

"मी खाल्लं? दोन भजी खाल्ली मी! दोन! तीही कच्ची होती!"

"हे घ्या, आणि मिटवा एकदाचं!" असं म्हणत त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी माझ्या मांडीवर टाकली. मला वाटलं, आणखी भजी. उघडली.

नोटा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा खाकी कोट, ही टेप, हा जास्त माल भरायला नियमाबाहेर उंच केलेला हौदा, "तुमच्या आधीचे"… हा माणूस मला गाड्या तपासणारी साहेबीण समजत होता! आणि मी इतका वेळ बसून, अंगठ्याएवढ्या चाकांवरून, त्याच्याकडे लाच मागत होते. वर घासाघीसही करत नव्हते!

एरवी मी शुद्ध बोलते. राग डोक्यात गेला की मात्र थेट माहेरच्या अहिराणीवर येते. पुडी खाटेवर आपटली आणि ओरडले, "तुमना डोकामा काय भुसा भरेल शे का? मी काय लाच खाणारी दिसते? मी ट्रक बनवते!"

"ट्रक बनवता?" शेठ उभे राहिले. "कुठे आहे कारखाना?"

"देवपूरला. बेडरूममध्ये."

गर्दीत असा हशा पिकला की निंबावरचे कावळे उडाले. कुणी तरी ओरडलं, "तोतया साहेब! कोट बघा, खाकी घालून आली!" दुसरा म्हणाला, "पोलिसांना बोलवा." चार जणांनी मोबाइल वर केले. आत्तापर्यंत हात जोडणारा ड्रायव्हर आता कमरेवर हात ठेवून माझ्या स्कूटीसमोर उभा राहिला. मी आयुष्यात कधी बिनतिकीट एसटीत बसले नाही, आणि मला चोर ठरवत होते! भीती वाटली का? वाटली. पण भ्यायल्यावर मी आणखी जोरात ओरडते, हा माझा दोष आहे.

मी आमच्या ह्यांना फोन लावला. "ताबडतोब ढाब्यावर या. ट्रक घेऊन या."

पलीकडून शांतपणे, "कोणता?"

"निळा! बारा चाकी!"

वर केलेले मोबाइल खाली आले. बाईकडे खरंच ट्रक आहेत, आणि एकापेक्षा जास्त आहेत! शेठ परत खुर्चीत बसले, या वेळी थोडे सरळ. मग आम्ही सगळे हायवेकडे तोंड करून वाट बघत राहिलो. देवपूरकडून एखादा निळा ट्रक आला की सगळ्यांच्या माना वळायच्या. तो न थांबता निघून गेला की सगळे माझ्याकडे बघायचे.

शेवटी एक रिक्षा येऊन थांबली. आमचे हे उतरले. पोटाशी टॉवेलात गुंडाळलेलं काही तरी, बाळंतिणीने बाळ धरावं तसं. खाटेवर ठेवलं, टॉवेल सोडला. माझा ट्रक. लिंबू-मिरचीसकट.

शेठ खाटेसमोर उकिडवे बसले. एका बोटाने चाक फिरवलं. फाळका उघडून बघितला, परत लावला. मग माझ्याकडे वळून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ताई… हे सतरा?"

"हे सतरा."

तो माणूस जो हसायला लागला! खाट धरून हसला, डोळे पुसून हसला. ड्रायव्हर हसला, ढाबेवाला हसला. आमचे हेसुद्धा तोंडावर टॉवेल धरून उभे. मी मात्र नाही हसले. कशाला हसू? मी शेठना खडसावलं, "हसता काय? एवढे व्यवहारी लोक तुम्ही! कोण, कुठली, एकदा तरी विचारायचं! ओळखपत्र मागायचं!"

शेठ म्हणाले, "ताई, राग मानू नका. साधा माणूस मोजायला आला तर आधी विचारतो, मोजू का म्हणून. तुम्ही न विचारता फाळक्यावर चढून ओरडलात, हौदा उंच आहे! अशा आवाजाला ओळखपत्र मागायची हिंमत होते का कुणाची?"

मी मोठ्या आशेने आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. बायकोच्या बाजूने एखादा शब्द?

हे म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, मीही नाही मागितलं."

घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले. ते इथे सांगत नाही.

पण माणसाने शिकावं. मी शिकले. पुढच्या आठवड्यात मला लांब ट्रेलरची मापं हवी होती. खाकी कोट घरी ठेवला, फुलाफुलांची साडी नेसले, टेप पर्समध्ये लपवली. नरडाण्याला एक ट्रेलर उभा होता, ड्रायव्हर शेजारी बसून चहा पीत होता. या वेळी मी आधी त्याच्याजवळ गेले, मान कलती केली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि माझ्या सगळ्यात मऊ, सगळ्यात गोड आवाजात विचारलं, "भाऊ, तुमची हरकत नसेल तर जरा मोजू का?"

त्याने कप खाली ठेवला, केबिनमध्ये चढला आणि गाडीचे सगळे कागद आणून माझ्या हातात दिले.