अक्षरशेठचा उरलेला माल

आमच्या गल्लीत पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर 'झेफर' असं लिहिलंय, धोब्याच्या दुकानावर 'झेनिथ' आणि घड्याळवाल्याकडे 'क्वार्ट्झ'. नवखा माणूस पाट्या वाचत वाचत आला की त्याला वाटतं, भलतीच शिकलेली वस्ती दिसते ही. तसं काही नाही. हा सगळा अक्षरशेठचा उरलेला माल आहे.

अक्षरशेठ दुकानांच्या पाट्यांवर बसवायची पितळी इंग्रजी अक्षरं विकतात. धंदा सुरू केला तेव्हा कारखान्याने विचारलं, कोणतं अक्षर किती पाठवू? शेठ मुळात न्यायी माणूस. "सगळी सारखी पाठवा," म्हणाले. ए ते झेड, सगळ्या लेकरांना सारखाच खाऊ. पुढे व्हायचं तेच झालं. ए आणि ई हातोहात संपली. क्यू, एक्स आणि झेड मात्र घरजावयासारखी फळीवर ठाण मांडून बसली.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. शेठनी एक जाडजूड डिक्शनरी आणली आणि ती शेवटाकडून वाचायला घेतली. तेव्हापासून नाव सुचवा म्हणत आलेलं एकही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलेलं नाही.

"झेफर," त्यांनी पंखेवाल्याला सांगितलं. "म्हणजे वाऱ्याची मंद झुळूक."

"मंद? अहो, पंखा मंद फिरतो म्हणून तर लोक माझ्याकडे आणतात!"

"मंद, पण सुखद," असं म्हणत शेठ झेड पुसायलाही लागले.

नळवाल्याला 'फ्लक्स' दिलं. फ्लक्स म्हणजे वाहणं. "वाहणं थांबवायलाच मला बोलावतात हो," तो कळवळून म्हणाला. पण तोवर एक्सचे स्क्रू पिळून झाले होते. झेनिथ म्हणजे आभाळातलं अगदी उंच टोक. धोब्याचं दुकान तळघरात आहे. घड्याळवाल्याचं क्वार्ट्झ मात्र चपखल बसलं. घड्याळात असते ती गारगोटी, शिवाय एकाच शब्दात क्यूही खपला आणि झेडही. त्या दिवशी शेठनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. 'जिंक्स' या शब्दावर तर त्यांचा भारी जीव, कारण जे आणि एक्स एका फटक्यात मोकळे होतात. पण अर्थ निघाला पनवती. "वाईट अर्थाचा माल आपण देत नाही," ते सुस्कारा टाकून म्हणतात. आमच्या घरावर त्यांनी 'क्वाएट' लावलंय. म्हणजे शांत. कुरिअरवाला अजूनही पाटी वाचतो, आतला आरडाओरडा ऐकतो आणि पत्ता चुकला असं समजून शेजारच्यांची बेल वाजवतो.

गल्लीत शेठना नाही म्हणणारं माणूस एकच निघालं, आणि ते त्यांच्याच घरात होतं.

वहिनी, म्हणजे शेठची बायको, कपडे शिवतात. इतकी वर्षं त्यांचं मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला चिकटून असायचं. बाही बसवावी तर वहिनींनीच. खांद्याला चुणी पडणार नाही, हात वर केला तर काखेत ओढणार नाही. यंदा शेठच्या दुकानासमोरचाच गाळा त्यांना मिळाला. रविवारी उघडायचं ठरलं. फीत कापायला नणंदबाई येणार होत्या.

"नाव ठरलंय माझं," वहिनी म्हणाल्या. "स्लीव्ह."

"बाही?" शेठचा चेहराच उतरला. "अगं, त्यात तीन ई लागतात! माझ्याकडे औषधालाही ई नाही. कारखानावाले महिनाभर थांबा म्हणतात. त्यापेक्षा 'झिगझॅग' घे. म्हणजे नागमोडी. टाक्याचंच नाव आहे आणि झेड दोन दोन..."

"जन्मभर सरळ शिवण मारली मी, आणि डोक्यावर झिगझॅग?"

"मग 'क्विल्ट'. म्हणजे रजई."

"मी रजया शिवत नाही. हे बघा, सगळ्या गल्लीने तुमचा उरलेला माल डोक्यावर घेतला, मी नाही घेणार. आजवर उरलेल्या कोपऱ्यात बसून, उरलेल्या वेळात शिवलंय. दुकान तरी मला अख्ख्या ताग्यातलं हवंय. स्लीव्ह नसेल तर पाटी कोरी राहील. नणंदबाईंनी विचारलं की उत्तर तुम्ही द्यायचं."

शनिवारी शेठनी फळीवरचे तीन एफ काढले, प्रत्येकाच्या तळाशी पितळेची पट्टी चिकटवली आणि तयार झालेले ई लांबूनच दाखवले. वहिनी जवळ गेल्या. सांध्यावरून बोट फिरवलं.

"ठिगळ आहे."

"कुठाय?"

"अहो, मला ठिगळ ओळखू येणार नाही होय? ऊन लागलं की ही पट्टी सुटून गिऱ्हाइकाच्या टाळक्यात पडेल."

शेठनी तिन्ही एफ उचलून परत फळीवर ठेवले. अशा वेळी काय बोलावं याला डिक्शनरीत शब्द असलाच, तर तोही नेमका ईवरचा असणार.

रविवारी सकाळी मी दूध आणायला निघालो तर शेठ स्वतःच्याच दुकानासमोर शिडीवर चढलेले. त्यांच्या पाटीवर 'लेटर हाउस' असं आहे. कारखान्याकडून आलेल्या पहिल्या पेटीतली ती अक्षरं. दुकान उघडलं की आधी ती पुसायची आणि मगच गल्ल्यावर बसायचं, हा त्यांचा नेम.

"शेठ, हे काय चाललंय?"

"ई काढतोय. शिडी धरा जरा."

"आणि तुमची पाटी?"

"मला काय, आंधळासुद्धा ओळखतो इथे. तिला अजून ओळखायचंय लोकांनी."

नणंदबाईंनी फीत कापली, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "स्लीव्ह! म्हणजे बाही ना? शोभतं हो, वहिनी." वहिनींनी आपली पाटी पाहिली. ई नीट, सरळ, बिनठिगळाचे. मग त्यांचं लक्ष समोर गेलं. शेठच्या पाटीवर जिथे ई होते, तिथे आता एक क्यू, एक एक्स आणि एक झेड झळकत होते.

"अहो," नणंदबाईंकडे पाठ करून, डोळे टिपत वहिनी म्हणाल्या, "वाचताना लोकांच्या जिभेला गाठ बसेल!"

"बसू दे. सोडवून घ्यायला आत येतील."

कारखान्याची पेटी यथावकाश आली. वहिनी रोज विचारतात, "लावले का ई?" शेठ रोज म्हणतात, "लावतो." पेटी अजून उघडलेली नाही. परवा एक अनोळखी गृहस्थ पाटीखाली बराच वेळ ओठ हलवत उभे होते. शेवटी आत आले.

"शेठ, हा शब्द पूर्वी कधी वाचला नाही. अर्थ काय हो याचा?"

शेठनी समोरच्या दुकानाकडे पाहिलं. वहिनी कुणाच्या तरी खांद्याचं माप घेत होत्या.

"अर्थ आहे," शेठ म्हणाले. "पण घरगुती आहे."