भेगेवरची काच

बाबा रेल्वेत इंजिनिअर. कुणाच्या लग्नाला गेले तरी आधी हॉलच्या तुळया बघत, मग नवरानवरी. निवृत्तीनंतर तेलीबागच्या घरात, मधल्या खोलीच्या खिडकीपासून वर तिरकी भेग गेली, तेव्हा त्यांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली. भिंत हलली तर काच तुटणार. आईला म्हणाले, "भेगेला घाबरायचं नाही, चालत्या भेगेला घाबरायचं. काच तुटली की घर सोडायचं. मी नसलो तरी."

ते गेले. आई रोज ती काच पुसते. ती पुसत असली की मला त्या खोलीत थांबवत नाही. तिच्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं.

यंदा शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खड्डा खणला, आमच्या पायाला अगदी खेटून. मी इमारतींची डिझाइनं करते. छताचा भार भिंतीतून पायात आणि पायातून मातीत उतरतो. बाजूची माती काढली की पाया खचतो, हे काय मला कुणी सांगायला हवं? आईला म्हटलं, गोमती नगरला माझ्या नव्या घरी चल. ती म्हणायची, "आधी काच बघ. अख्खी आहे ना?" दर खेपेला अख्खी असायची. मी चिडायचे. गेलेल्या माणसाशी वाद घालणार कोण?

गेल्या रविवारी दसेरी आंबे घेऊन गेले. भेगेत आता माझ्या करंगळीचं टोक शिरत होतं. काच मात्र अख्खी. टोकाचं सिमेंट दाबून पाहिलं, तर ओलं लागलं.

"आई, कितव्यांदा बदललीस?"

ती आंबे धूत होती. "त्यांच्याच पेटीत पट्ट्या होत्या. तुटलेली तशीच ठेवली असती तर त्यांचं ऐकावं लागलं असतं." मग हळूच म्हणाली, "मी तुझ्याकडे आले तर ते कुठे येतील? तुझा पत्ता त्यांना ठाऊक नाही."

माझ्या अंगावर काटा आला. रडूही आलं. बाबांच्या हत्यारांच्या पेटीत शेवटची एक पट्टी उरली होती. ती मी पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, "बॅग भर. आजच निघायचं."

आईने मला अडवलं नाही. पदराला हात पुसले, भेगेसमोर जाऊन उभी राहिली आणि भिंतीला विचारलं, "निघू का हो मी?"

उत्तरासाठी ती थांबली. मीही थांबले.