साहेब यायच्या आधी सारवलेलं घर

पिंगळी स्टेशनावर आई गाडीत चढेना. हातात बुद्धाची तसबीर, पायाशी दोन गोण्या, आणि नजर चपलांना चिकटलेल्या दुधना नदीच्या गाळावर. "नळावर पाय धुवून येते गं, डबा घाण व्हईल," म्हणाली. पुरानं जिचं घर गेलं, तिला रेल्वेच्या डब्याची काळजी! मी तिला हाताला धरून वर ओढलं.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. माझ्यासारखे जे पुण्याला आले, त्यांना सांगते. खरं तर मलाच अजून पटत नाही.

पूर ओसरला तेव्हा आमच्या मातीच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. उद्या पंचनाम्याला साहेब येणार, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं. आईनं पदर खोचला. "साहेब यायलेत. त्यायला चिखलात बसवायचं का?" दोघींनी दिवसभर गाळ उपसला, पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या, जमीन शेणानं सारवली. ती रेघ मी माझ्या हातानं पुसली. बारावी शिकलेली मी, मलाही सुचलं नाही!

साहेब आले, सतरंजीवर बसले, चहा प्याले. "घर छान ठेवलंय, मावशी." आई लाजली. कागदावर काय लिहिलं, ते आम्ही विचारलंच नाही.

चार दिवसांनी ओली भिंत बसली, पाठोपाठ छत. पुनर्वसनाची यादी लागली. शेजाऱ्यांना उंचावर जागा मिळाली, मिळायलाच हवी होती. आमचं नाव नव्हतं. आमच्या पंचनाम्यात एकच ओळ होती : घर राहण्यायोग्य. कचेरीतून मी तशीच परत फिरले. फेरपंचनामा मागता येतो, हे पुण्यात आल्यावर कळलं. अर्ज दिलाय, उत्तर नाही.

परवा आमच्या भाड्याच्या खोलीत गटाराचं पाणी शिरलं. मी झाडू उचलला, तर आईनं तो हिसकावून घेतला. "राहू दे. कुणीतरी बघू दे आधी." मी हबकलेच. संध्याकाळपर्यंत दोघी कॉटवर पाय वर घेऊन बसलो. कुणीही आलं नाही.

घर म्हणून मला आता एवढंच हवंय : आईला न भिता सारवता येईल एवढी जमीन.