राखणदाराला कोण सांगणार

घर विकलं म्हटल्यावर माणसं रडायच्या तयारीनेच येतात. आमच्या वाडीतल्या बायका दोघी-दोघींनी यायच्या, पडवीत टेकायच्या आणि माझ्या डोळ्यांकडे बघत बसायच्या. मी चहा ठेवायची आणि जुन्या वर्तमानपत्रांत पेले गुंडाळत राहायची. शेवटी एकीने न राहवून विचारलंच, "तुका काय्येक वाटणा नाय?"

वाटतं ना. हलकं वाटतं. पण तसं सांगितलं की त्यांचे चेहरे असे व्हायचे, जणू मी घर नाही, घरातलं माणूसच विकलंय.

सगळ्यांना कारण हवं होतं. कर्ज झालं असणार, नाहीतर काही दुखणं लपवत असणार, नाहीतर पुण्याच्या मुलीने भरीस घातलं असणार. मुलगी बिचारी स्वतःच चकित झालेली. खरं कारण मी कोणालाही सांगायला तयार होते, फक्त ते कोणाला पटत नव्हतं. नवरा गेल्यावर हे घर मी एकटीने सांभाळलं. दर वर्षी छपराचे नळे परतून घेतले, घरापुढचं खळं सारवलं, माकडांशी भांडले, काजूखालचं रान काढायला गड्यांच्या विनवण्या केल्या. मग एकदा सावंतवाडीला गेले असताना बाजारातल्या एका इमारतीच्या जिन्यावर पिशव्या ठेवून दम खायला बसले आणि मनात आलं, इथे राहावं. खाली उतरलं की भाजी, चार पावलांवर तळं, संध्याकाळी बोलायला माणसं, आणि अंगण नाही. अंगण नाही याचाच मला सगळ्यात जास्त मोह पडला. आयुष्यभर झाडलं, आता नाही झाडायचं. एवढंच कारण होतं.

घर घेतलं ते दोडामार्गकडच्या एका तरुण जोडप्याने. तो गोव्यात कामाला जातो, त्याला इथून जवळ पडतं. दोघंही मला आवडली. तिने आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज कुठे बसेल ते बघितलं, उगाच घराचं कौतुक केलं नाही. कागद झाले, रविवारी माझा टेम्पो ठरला. आणि मग जाता जाता तो उंबऱ्यात थांबला. "काकी, राखणदाराक सांगलात मा? तेका सांगल्याशिवाय आमी सामान आणूचंव नाय हां."

राखणदार म्हणजे जागा राखणारा. आमच्याकडे प्रत्येक जागेला तो असतो. तो दिसत नाही, पण रात्री-अपरात्री हद्दीवरून फिरतो म्हणतात. आमचा मागच्या फणसाखाली, एका काळ्या दगडापाशी. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्याच्याशी मोठ्याने बोलायचं: तुझा मान दिलाय, घे, लेकरांना सांभाळ. जागा दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हाही त्याला तसं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो नव्या माणसांना सुखाने राहू देत नाही आणि जुन्यांच्या मागे लागतो. मी शिकलेली आहे, तरी यातलं काही खोटं आहे असं त्या फणसाखाली उभं राहून म्हणायची माझी छाती नाही.

गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषाने. नवऱ्यामागे ते माझे धाकटे दीर घालत. त्यांचं घर आमच्या दगडी गडग्यापलीकडेच. तशी मी गेले. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. घर परक्या माणसांना दिलं हा राग त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. खरं तर त्यांना मी विचारलं होतं, पण त्यांना ते घर नकोच होतं. त्यांना फक्त मी तिथे असायला हवी होते.

मी म्हटलं, "शनिवारी सकाळी गाऱ्हाणं घालायला याल ना?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मी येवचंय नाय, वयनी. ईकताना माका इचारून ईकलात काय? जागो तुमी ईकलात, आता राखणदाराक सांगा पण तुमीच." आणि हसले. बाई गाऱ्हाणं घालणार, या कल्पनेनेच त्यांना हसू आलं होतं.

मग वाडीतल्या इतर पुरुषांना विचारलं. शनिवारी सकाळी सगळ्यांनाच एकाएकी कामं निघाली. कोणाला बांद्याला जायचं होतं, कोणाची कंबर धरली होती. दिरांना दुखवायला कोणी तयार नव्हतं. मी घरी आले ती संतापूनच. म्हणजे घर माझं, सही माझी, पण निघायची परवानगी यांच्या तोंडातून!

शेजारची माझी मैत्रीण भांडी बांधायला आली होती. ती ख्रिस्ती, शाळेत शिक्षिका होती, माहेर गोव्याचं. तिने सगळं ऐकलं आणि दोरीची गाठ मारता मारता म्हणाली, "मगे सांग तूच. आमच्याकडे पण जागेवाल्याक मेणबत्ती लावतंत. मीच लावतंय. तो काय बायलमाणूस म्हणून पाठ फिरवणा नाय."

हे मला का सुचलं नाही? कोंबडा कोण वाढवायचं? मी. दगडाभोवतीचं गवत कोण काढायचं? मी. शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची, सगळं मी. पुरुषांनी फक्त डोक्याला टोपी घालून बोलायचं. आणि बोलायचं काय ते तर मला इतकी वर्षं मागे उभी राहून तोंडपाठ झालं होतं.

तरी शनिवारी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. एक शब्द अडखळला असता तरी त्या जोडप्याच्या मनात पाल चुकचुकली असती, आणि घराला काही झालं असतं तर जन्मभर माझं नाव निघालं असतं. फणसाखाली ती दोघं उभी होती, माझी मैत्रीण होती, आणि मी रडते का ते बघायला येणाऱ्या चार-पाच जणी होत्या. त्या आज जरा जास्तच नटून आल्या होत्या. गडग्यापलीकडे दीर नारळ सोलत होते. त्या वेळी ते कधी नारळ सोलत नाहीत.

मी डोक्यावर पदर घेतला नाही. नारळ दगडापुढे ठेवला आणि आवाज लावला.

"बा जागेच्या राखणदारा म्हाराजा!"

प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. कोणी बोलेना. नवा मालक आपल्या चपलांकडे बघत राहिला. पलीकडचं सोलणंही थांबलं. आणि मग माझ्या मैत्रिणीने, गळ्यातला क्रूस पदराआड न लपवता, वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

पुढच्या वाक्याला नवी मालकीण बोलली. मग तिचा नवरा. मग त्या नटून आलेल्याही.

"हो जागो मी माझ्या खुशीन ईकलंय म्हाराजा. कोणाच्या सांगण्यान नाय, कोणाच्या भियान नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपासून ही दोघा तुझी लेकरा. तुझो मान ती देतली. तेंका सांभाळ, तेंची भरभराट कर!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या हातून काय चुकला माकला आसात, ता पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपत येतं. शेवटी घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं असतं, माझीही राखण कर म्हणून. दीर दर वर्षी तेच मागत, माझ्या वतीनेसुद्धा.

"आनी माझी राखण आता मी करतलंय, म्हाराजा!"

याला काय म्हणायचं ते कोणालाच कळेना. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, माझी मैत्रीणसुद्धा. तेव्हा गडग्याकडे तोंड करून, पलीकडे नीट ऐकू जाईल अशा बेताने, मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."