गयासभाईंचा उजवा पाय

गयासभाई शेख रोज सकाळी मिसारवाडीहून स्कूटरवर निघत आणि सातच्या आत पुंडलिकनगरात श्रीधररावांच्या फाटकाशी हजर होत. किल्ली घेत, गाडीभोवती एक फेरी मारत, चारही टायरांना चापट मारून बघत आणि अर्ध्या तासासाठी गाडी घेऊन कुठेतरी जात. घरच्यांना वाटे, हवा भरायला जात असतील. कधीकधी ते हवा भरतही. पण खरे काम निराळे होते.

बीड बायपासच्या पलीकडे एक नवे प्लॉटिंग पडले होते. डांबरी रस्ते झाले होते, कमान उभी राहिली होती, प्लॉटांच्या कोपऱ्यांवर पांढरे दगड रोवले होते. पाण्याची सोय मात्र नव्हती, म्हणून एकही घर उठले नव्हते. त्या मोकळ्या रस्त्यावर गयासभाई गाडी चाळीसच्या वेगाने आणत, विजेच्या एका खांबाशी ब्रेक दाबत आणि गाडी जिथे थांबे तिथे उतरून बघत. पुढचे चाक एका ठरावीक दगडाच्या अलीकडेच थांबले पाहिजे, असा नियम होता. थांबले, की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन दगडाला एक ठिपका लावायचा. असे पाच वेळा.

ही रीत कडूबा उस्तादांची. वैजापूरच्या कडूबांनी त्यांना पाण्याच्या टँकरवर तयार केले होते, २०१३ च्या दुष्काळात, जेव्हा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर दिवसाला तीन-तीन खेपा होत. कडूबा सांगत, भरलेला टँकर परवडला, पण अर्धा टँकर वाईट. ब्रेक लागला की आतले पाणी मागून ढकलते, आणि ते ढकलणार हे पायाला आधी कळले पाहिजे. म्हणून रोज सकाळी रिकामी गाडी, एक खूण आणि पाच ब्रेक. पाचातला एक जरी खुणेबाहेर गेला तर त्या दिवशी किल्ली मालकाच्या हातात. २०१६ चा दुष्काळही गयासभाईंनी टँकरवरच काढला. पुढे टँकर सुटला आणि श्रीधररावांची नोकरी लागली, पण चुन्याची खूण सुटली नाही.

गेली दोन वर्षे मात्र उजवा गुडघा कुरकुरत होता. गावातल्या गावात चालून जाई. लांबच्या प्रवासानंतर तो पावासारखा फुगे. हे फक्त त्यांच्या बायकोला, शहजादीला, ठाऊक होते, कारण गरम पाण्याची पिशवी तीच आणून देई. मुलगी युसरा औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे होईपर्यंत पाय चालावा, एवढेच गयासभाईंचे मागणे होते.

श्रीधररावांचा वाळूजला रबरी सील बनवण्याचा लहान कारखाना होता. महिन्यातून दोनदा त्यांना नागपूरला जावे लागे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, हृदयात स्टेंट बसवल्यानंतर, त्यांनी स्वतः गाडी चालवणे सोडले होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, पावसाने पूर्ण महिना दडी मारलेली असताना, त्यांच्या पुण्याच्या मुलाने, शंतनूने, नवी गाडी घेऊन दिली. तिच्या स्टिअरिंगवर एक बटण होते. ते दाबून वेग ठरवला, की गाडी स्वतः त्या वेगाने चाले. पुढे कुणी हळू जात असेल तर स्वतः हळू होई, तो बाजूला झाला की पुन्हा वेग घेई. पाय नुसता ब्रेकजवळ तयार ठेवायचा.

शंतनूने सगळे दाखवले. समोर गाडीचा डोळा आहे, तो पुसत जा, असेही सांगितले. मग हसत वडिलांना म्हणाला, "बाबा, आता तुम्हालाही जमेल. हायवेला ही जवळजवळ एकटीच जाते."

तो सहज बोलून गेला. गयासभाईंना मात्र वाटले, मग ड्रायव्हर कशाला. रात्रीच्या जेवणाला त्यांनी शहजादीला हकिगत सांगितली. तिने भाकरी वाढता वाढता ऐकून घेतले आणि म्हणाली, "गाडी को पैर नको, और तुमारे पास पैर नई. अच्छी जोडी जमी." मग तिनेच समजावले, की मालकाला गुडघ्याचे एकदा सांगून मोकळे व्हा. ते ऐकले न ऐकलेसे करून ते उठले.

नव्या गाडीसाठी त्यांनी प्लॉटिंगमध्ये नवा दगड निवडला आणि चुन्याचे ठिपके नव्याने सुरू झाले. बटणाशी मात्र पटायला वेळ लागला. जालना रोडवर त्यांनी ते एकदा लावून पाहिले. गाडीने पुढच्या बसपासून चांगले अंतर ठेवले, आणि त्या अंतरात आधी एक रिक्षा घुसली, मग दोन मोटरसायकली, मग अंडी नेणारा टेम्पो. प्रत्येकासाठी गाडी मागे सरे. क्रांती चौक येईपर्यंत मागच्याने हॉर्न वाजवून डोके उठवले. "साहेब, लई अदबीची गाडी आहे," गयासभाई म्हणाले. "सगळ्या शहराला पहले आप म्हणती. अशानं आपण वाळूजला दिवाळीत पोचू."

कारखान्याच्या फाटकाबाहेर ड्रायव्हर लोकांची बैठक असे. तिथल्या अल्तमशकडे तसल्याच गाडीचा वर्षभराचा अनुभव होता. तो कंपनीच्या एका अधिकाऱ्याला पुण्याला नेई-आणे. त्याने सांगितले, की वळणावर ही कधी शेजारच्या पट्ट्यातल्या ट्रकलाच पुढचा समजून हळू होते. एकदा तर ती शहाण्या पोरीसारखी एका सिमेंटच्या ट्रकमागे पन्नासने चालत राहिली आणि दहा किलोमीटर त्याच्या ध्यानातच आले नाही. पण मोकळ्या रस्त्यावर, चाचा, पाय घरी ठेवून आल्यासारखे वाटते. उभी गाडी दिसली तर मात्र तिच्यावर विसंबू नका, ब्रेक आपला आपण मारा.

पाय घरी ठेवून आल्यासारखे, हे शब्द गयासभाईंच्या मनात राहिले. सप्टेंबरच्या पहिल्या नागपूर खेपेत त्यांनी सावंगीला समृद्धी महामार्गावर गाडी चढवली, वेग शंभरवर ठरवला, अंतर सगळ्यात लांबचे ठेवले आणि बटण दाबले. पाय ब्रेकशेजारी टेकवून ते अंग चोरून बसले होते. जालना गेले. एका कंटेनरमागे गाडी आपणहून नरमली, तो बाजूला होताच आपणहून निघाली. कडूबांनी ठेवले असते तेवढेच अंतर ती ठेवत होती. मेहकरपर्यंत त्यांचे खांदे सैल झाले. नागपूरला उतरले तेव्हा गुडघा होता तेवढाच होता. त्या दिवशी शहजादीला फोन करून त्यांनी नुसते एवढेच सांगितले, की आज पिशवी लागली नाही.

त्यानंतर दीड महिन्यात तीन खेपा झाल्या. दगडावरचे ठिपके एकावर एक बसत गेले. गुडघ्याचे गुपित आणखी खोल गाडले गेले, आणि गयासभाईंना एक नवी बोच लागली. पाय वाचतो आहे तो गाडीमुळे, हे मालकाला ठाऊक नव्हते. पगार ड्रायव्हरचा घ्यायचा आणि चाकरी गाडीने करायची, असे त्यांना वाटू लागले.

दसऱ्याला गाडीची पूजा असे. टँकरच्या दिवसांपासून गाडीला हार गयासभाईच घालत, आणि श्रीधररावांच्या पत्नी दमयंतीबाईंनीही तो मान त्यांच्याकडेच ठेवला होता. त्या वर्षी पाण्याअभावी झेंडू बारका आणि महाग होता. तरी शहागंजातून त्यांनी दुपदरी, भरगच्च हार करून आणला आणि गाडीच्या नाकावर आडवा, ओल्या सुतळीने घट्ट बांधला. पूजेचा हार आपण काढायचा नाही, तो वाळून आपोआप गळेल तेव्हा गळेल, असा रिवाज होता. दुसऱ्याच दिवशी नागपूरला जायचे होते. निघण्यापूर्वी त्यांनी आरशाजवळची काच नेमाने पुसली, कारण शंतनूने सांगितलेला डोळा तोच, अशी त्यांची समजूत होती.

सावंगीच्या पुढे बटण दाबले, तर गाडीने घेतले नाही. समोर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि विझली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मागच्या सीटवर श्रीधरराव कागद वाचत होते. त्यांना सांगावे, तर ते विचारणार, बटणावाचून एवढे काय अडले. त्या प्रश्नाचे उत्तर गयासभाईंना द्यायचे नव्हते. त्यांनी पायाने गाडी ओढली.

जालन्याला गुडघ्यात कळ आली. मेहकरला ती मांडीपर्यंत चढली. कारंज्याजवळ पेट्रोल पंपावर गाडी घेतली, दार उघडले, उजवा पाय खाली टेकवला आणि तो पाय आपला नाहीच असा मुडपला. बॉनेट धरत धरत ते पुढे सरकले आणि गाडीसमोरच्या कट्ट्यावर मटकन बसले. श्रीधरराव धावत उतरले. पाणी दिले, छातीत दुखते का विचारले. गयासभाईंनी मान हलवली आणि गुडघ्यावर हात ठेवला.

बसल्या जागी गाडीचे नाक अगदी डोळ्यांसमोर होते. झेंडूच्या गेंदांमधून त्यांना एक काळी, गुळगुळीत पाटी दिसली. त्यांनी वाकून हाताने हार जरा वर उचलला आणि बघत राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "शंतनूबाबा म्हणत होते तो डोळा हा तर नसंल?"

श्रीधररावांनी तिथूनच मुलाला फोन लावला. शंतनू इतका हसला, की पलीकडून दोन मिनिटे काही कळेना. दोन डोळे असतात, तो म्हणाला, एक काचेमागे आणि एक नाकात, आणि तुम्ही नाकातल्या डोळ्याला दुपदरी झेंडू बांधलात. श्रीधररावांनी स्वतः सुतळी सोडली. पूजेचा हार टाकवेना, म्हणून तो मागच्या सीटवर वर्तमानपत्रावर नीट ठेवला. गाडी सुरू करून बटण दाबल्यावर हिरवी खूण आली.

आता पायात गोळा आला होता, असे सांगून सुटता आले असते. श्रीधरराव तसेच धरून चालले होते. गयासभाई मात्र मागे वळले.

"साहेब, पाय आजचा नाही गेलेला. दोन वर्षं झाली. ह्या गाडीनं झाकून ठेवला होता, आज फुलांनी उघडा पाडला."

मग त्यांनी सगळे सांगितले. गरम पाण्याची पिशवी, प्लॉटिंग, कडूबा, चुन्याचे ठिपके. पुढची वाट बटणावरच झाली. परतीला मात्र श्रीधरराव मागे न बसता पुढच्या सीटवर येऊन बसले आणि सावंगीला उतरताना एवढेच म्हणाले, की उद्या सकाळी मीही येतो, तो दगड मला बघायचा आहे.

सकाळी दोघे प्लॉटिंगवर गेले. खांबाशी ब्रेक दाबला आणि गाडी दगडापुढे दोन पावले जाऊन थांबली. दुसऱ्यांदा एक पाऊल पुढे. गयासभाईंनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. इंजिन बंद केले, किल्ली श्रीधररावांच्या हातात ठेवली आणि खाली उतरून उभे राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यावर कडूबांचा नियम स्वतःला लावायची वेळ आली होती.

श्रीधरराव दगडाशी वाकले. ठिपक्यांचा थर बोटभर जाड झाला होता. तो सगळा वितीएवढ्या जागेत होता.

"ह्या खुणा कधीपासूनच्या?"

"गाडी आली तवापासून."

"आजच्याआधी एकही ब्रेक दगडाबाहेर नाही?"

"एक बी नाय."

श्रीधररावांनी बोटाला लागलेला चुना झटकला. "गयासभाई, मी चाळीस वर्षं सील बनवतोय. रबर सतत दाबून ठेवलं की मरतं. मधूनमधून मोकळं सोडलं की वर्षानुवर्षं चालतं. तुमचा पाय मेलेला नाही, कारंज्यापर्यंत तो सलग दाबून ठेवला होता. किल्ली माझ्याकडे राहील. तुम्ही डॉक्टरांकडे जा. इथं पाच ठिपके पुन्हा पडले की घेऊन जा."

पुढचे तीन आठवडे किल्ली नव्हती, तरी गयासभाई रजेवर गेले नाहीत. ते रोज सातला येत, पण डाव्या सीटवर बसत, आणि श्रीधरराव भीत भीत वाळूजपर्यंत गाडी नेत. पुढच्याच्या अगदी पाठीला चिकटायची त्यांची खोड होती. गयासभाई शेजारून सांगत, "साहेब, त्याच्या खिशात हात घालायचाय का? जरा सोडा त्याला." दमयंतीबाई पहिल्या दिवशी मागच्या सीटवर बसून आल्या आणि उतरल्यावर म्हणाल्या, की स्टेंटपेक्षा ह्याचीच भीती जास्त होती. युसराने भिंतीवर व्यायामाचा तक्ता चिकटवला. पाय सरळ उचलून दहा आकडे मोजायचे, सकाळ-संध्याकाळ. आकडे शहजादी मोजी, आणि मुद्दाम सावकाश मोजी.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी दोघे पुन्हा प्लॉटिंगवर गेले. गयासभाई पाच वेळा खांबापासून आले आणि पाच वेळा चाक दगडाच्या अलीकडे थांबले. दर वेळी श्रीधररावांनी उतरून, तंबाखूची डबी मागून घेऊन, स्वतःच्या बोटाने चुना लावला. पाचव्या ठिपक्यानंतर त्यांनी किल्ली दिली आणि बोट रुमालाला पुसत अट सांगितली. महामार्गावर बटण लावायचेच, त्यात लाज नाही. कधी ते चालेनासे झाले तर लगेच सांगायचे आणि अर्धी वाट श्रीधरराव गाडी चालवतील. रोजचे पाच ब्रेक चालू राहतील, आणि महिन्यातून एकदा ठिपके बघायला ते स्वतः येतील.

पुढच्या उन्हाळ्यात शहराला आठवड्याने पाणी येत होते आणि वैजापूरकडे पुन्हा टँकर धावत होते. समृद्धीवर गयासभाईंची गाडी महिन्यातून दोनदा नागपूरला जाऊन येत होती. जूनमध्ये युसरा पास झाली आणि सिडकोतल्या एका औषध दुकानात लागली. आता बास करा, असे तिने सुचवून पाहिले. वडिलांनी तिला सकाळी दगड दाखवायला नेले, आणि तो विषय तिथेच मिटला.

पुढच्या दसऱ्याला पाऊस बरा झाला होता आणि झेंडू मोठा होता. गयासभाईंनी पुन्हा दुपदरी हार आणला. दमयंतीबाई ताम्हन घेऊन उभ्या होत्या. गयासभाईंनी आधी ओल्या फडक्याने गाडीच्या नाकातली काळी पाटी पुसली, मग आरशाजवळची काच पुसली, आणि हार मागे नेऊन डिकीवर बांधला. दमयंतीबाईंनी ताम्हनासह गाडीला वळसा घातला आणि मागच्या बाजूने ओवाळले.