टेबलावरचं न आवडणारं पुस्तक

सकाळी नऊच्या सुमारास वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आमच्या चिटणिसांचा निरोप आला : "आज वाचनालय उघडणार नाही." मी हिनकलच्या सिग्नलपाशी रिक्षात होते. मला वाटलं, यांचं काहीतरी चुकतंय. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलचं दार कामाच्या दिवशी बंद असलेलं मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. बंद असो, संप असो, दसऱ्याच्या गर्दीनं रस्ते अडलेले असोत, दहाच्या ठोक्याला यमुनक्का कुलूप काढायच्याच. मी विचारलं, "का हो, काय झालं?" उत्तर आलं. यमुनक्का गेल्या होत्या... सकाळची कॉफी गाळता गाळता. वाचनालयाची किल्ली नेहमीसारखी त्यांच्या कमरेलाच होती.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. यमुनक्कांचा जन्म म्हैसूरचा, त्यांच्या आजोबांचाही इथलाच. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांनी काढलेलं हे सार्वजनिक वाचनालय हातात घेतलं. मराठी पुस्तकं निम्मी, कन्नड निम्मी, आणि येणाऱ्याला कुणी जात-भाषा विचारत नसे. मी नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. आमची पहिली भेट म्हणजे सरळसरळ भांडण होतं. माझ्या वडिलांची पुस्तकं दोन पिशव्यांत भरून मी जिना चढले आणि म्हटलं, "ही सगळी एकाच कपाटात ठेवा, आणि वर बाबांच्या नावाची पाटी लावा." अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकं द्यायला आलीस की ठेवायला? द्यायची असतील तर दे. मग ती कुठं जातात, कुणाच्या शेजारी बसतात, ते तू विचारायचं नाही. आयतु?" आयतु म्हणजे चालेल ना, एवढं कन्नड मला तेव्हाही कळत होतं. मला इतका राग आला की पिशव्या उचलून मी अर्धा जिना उतरले. मग परत वर गेले, कारण पिशव्या फार जड होत्या. बाबांची पुस्तकं हॉलभर पांगली. अजूनही एखादं अचानक हाताला लागतं, आतल्या पानावर त्यांची सही दिसते, आणि त्या दिवशी मी उतरून गेले नाही याचं मला बरं वाटतं.

दाराच्या आत शिरल्या शिरल्या एक लांब टेबल आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यावर पंचवीस पुस्तकं नव्यानं मांडायची, असा शिरस्ता. मांडणीचा नियम अक्कांचा स्वतःचा, आणि तो मी दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात ऐकलेला नाही : मांडणाऱ्याला मनापासून न आवडणारं एक पुस्तक त्या पंचविसांत असलंच पाहिजे. कुठलं ते सांगायचं नाही. "सांगितलं की लोक तेवढंच उचलतात, नाहीतर तेवढंच सोडतात," असं त्यांचं म्हणणं. झालं, मला उद्योग मिळाला. मूळचीच मी चौकस. दर महिन्याला मी टेबलाभोवती फेऱ्या मारायची आणि अंदाज सांगायची. "ही जाडजूड कादंबरी?" "अय्यो, ती मी दोनदा वाचलीय." "मग हे योगासनांचं?" "सुम्ने घेऊन जा गं, घरी जाऊन कर." सुम्ने म्हणजे उगाच, गुपचूप, काहीच कारण नसताना; हा शब्द त्या कुठेही घालत. चौदा वर्षांत एकदाही माझा अंदाज खरा ठरला असं त्यांनी कबूल केलं नाही. पुस्तकं बदलत. एक निळ्या कव्हरचं, शंभरेक पानांचं कन्नड पुस्तक मात्र गेली नऊ वर्षं प्रत्येक मांडणीत असे. ते त्यांचं लाडकं असणार, हे मी गृहीत धरलं होतं. आत काय आहे विचारलं की म्हणत, "कन्नड शिक, मग वाच." मला दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं कन्नड येतं, तेही बोट ठेवून.

टेबलाच्या फळीत मधोमध एक किल्लीचं भोक होतं. टेबलाला कशाला हवंय कुलूप? तेही विचारून झालं होतं. "जुनं लाकूड आहे," एवढंच उत्तर मिळालं.

आणि हरकतीचं कार्ड. कुणी एखाद्या पुस्तकावर नाक मुरडलं, हे इथे नको म्हणालं, की अक्का वाद घालत नसत. ड्रॉवरमधून पिवळं कार्ड काढून पुढे करत. त्यावर तीन प्रश्न. पुस्तक पूर्ण वाचलं का? कुठल्या पानावर राग आला? लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं, ते तुमच्या शब्दांत लिहा. सगळ्यात खाली : आता तुमची मागणी काय? कार्ड भरून आलं की समितीचे पाच जण ते पुस्तक वाचणार, मगच निर्णय. तोवर पुस्तक जागचं हलणार नाही. हरकत घेणाऱ्यानं ते घरी न्यायचं नाही, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून वाचायचं. हा शेवटचा नियम अनुभवातून आलेला. पूर्वी एका गृहस्थांनी हरकतीसाठी म्हणून पुस्तक घरी नेलं आणि आनंदानं हरवलं!

त्या खुर्चीत मीही बसलेय. माझी लेक दहा वर्षांची असताना "आदर्श गृहिणी" छापाचं एक जुनं पुस्तक घेऊन आली. नवऱ्याच्या पानात आधी काय वाढावं, उंबऱ्यात उभं राहून कसं बोलू नये, वगैरे. मी तावातावानं ते पुस्तक घेऊन जिना चढले. कार्ड मिळालं. तीन शनिवार त्या खुर्चीत बसून मी दात-ओठ खात वाचलं, आणि तिसऱ्या प्रश्नाशी अडले. लिहिणाऱ्या बाईला काय सांगायचं होतं? शेवटी मी लिहिलं : "सासरी कुणी बोलू नये म्हणून काय काय करावं लागतं, ते." लिहिल्यावर माझा राग गेला नाही, पण मागणीची ओळ मी कोरी सोडली. पुढच्या महिन्यात ते पुस्तक टेबलावर होतं आणि आत माझं कार्ड होतं. "कार्डासकट वाचू देत लोक," अक्का म्हणाल्या.

त्याच्या आगेमागेच कधीतरी मी जिना चढत असताना एक गृहस्थ ताडताड खाली आले. खांद्यावर पांढरा पंचा, लाल झालेला चेहरा. पायरीवर पिवळ्या कार्डाचे चार तुकडे पडले. वर अक्का खुर्चीचा वेत हातानं चाचपत उभ्या होत्या. "कोण हो ते?" "माझा भाऊ. शीनू. कृष्णराजनगरला असतो, शेती बघतो." "मग?" "मग काय? कार्ड भरत नाही म्हणतो." पुस्तक कुठलं, राग कशाचा, यावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. पण त्यानंतर गौरीला भाऊ आला नाही. दर भाद्रपदात बागीना, म्हणजे माहेरच्या वाणाची सुपं, घेऊन येणारा एकुलता भाऊ. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, नंतर कधीच नाही. गौरीच्या दिवशी अक्का वाचनालयात जरा उशिरापर्यंत थांबत आणि जिन्यावर पाऊल वाजलं की वर बघत. मला फार वाईट वाटे. एका माणसासाठी एक पुस्तक काढलं तर काय बिघडणार होतं, असंही वाटे. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांची पाटी लावली नाही. मग माझ्या भावाचं कसं ऐकू?"

अक्कांच्या शोकसभेनंतरच्या शनिवारी त्यांचे भाऊ, शीनण्णा, आले. सत्तरीचे, काठी टेकत. त्यांच्या वडिलांचा, अप्पा मास्तरांचा, फोटो हॉलमध्ये आहे. त्याला आधी नमस्कार केला. मग टेबलाकडे गेले. अक्कांनी मांडलेली शेवटची पंचवीस पुस्तकं तशीच होती, कुणाला हलवावीशी वाटली नव्हती. त्यांनी त्यातलं निळं पुस्तक बोटानं दाखवलं. "आता तरी हे काढून टाका. माझ्या अप्पांची बदनामी आहे यात. सगळं गाव बोललं. अक्का असेतो ऐकलं नाही, आता ती गेली. मला द्या, मी घेऊन जातो."

म्हणजे भावाबहिणीत फूट पाडणारं, अक्कांना न आवडणारं पुस्तक हेच! अक्कांचं लाडकं म्हणून मी ज्याला नऊ वर्षं अंदाजातसुद्धा धरलं नव्हतं, ते. आमचे चिटणीस भला माणूस. ते हळूच मला म्हणाले, "देऊन टाकू या ना. म्हातारा माणूस आहे, घरात दुःख आहे, आणि ते पुस्तक वाचतंय कोण?" किल्ली आता माझ्याकडे आहे, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, मी पुस्तक उचललंही होतं. त्यांच्या हातात ठेवलं असतं की काम झालं असतं. पण मग गौरीच्या दिवशी जिन्याकडे बघत बसणाऱ्या अक्का मला आठवल्या... एवढं सोसून त्यांनी जे राखलं, ते मी पाच आठवड्यांत भिडेपोटी देऊन टाकायचं? मी ड्रॉवर उघडला. "शीनण्णा, तुम्ही हे वाचलंय का?" "वाचायला कशाला पाहिजे? लोकांनी सांगितलं की." मी पिवळं कार्ड पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं. मला वाटलं, आता याचेही चार तुकडे होणार.

ते खुर्चीत जाऊन बसले. चिटणिसांनी कॉफी मागवली, ती निवून गेली. दीड तास झाला असेल. मी यादी करण्याचं सोंग करत त्यांच्या पानांकडे बघत होते. मग त्यांनी बोलावलं. "नोडम्मा, हे बघ, इकडे ये. तुला कन्नड येत नाही ना? ऐक." आणि बोट ठेवून ते मला मराठीत सांगू लागले. पुस्तक एका बाईच्या आठवणींचं होतं. या हॉलमध्ये तेव्हा सकाळी शाळा भरे, संध्याकाळी वाचनालय, दोन्ही अप्पा मास्तरांचं. मुलींनी वाचू नयेत अशी पुस्तकं ते एका कपाटात कुलूपबंद ठेवत. ही लिहिणारी बाई तेव्हा दहा वर्षांची, त्याच शाळेत; तिनं एक दिवस ते कपाट उघडलं. मास्तरांनी सगळ्यांसमोर तिचं नाव पटावरून काढलं. शाळेचं तोंड पुन्हा बघायला तिला बारा वर्षं लागली. "हे मला ठाऊक होतं," शीनण्णा म्हणाले. "पण हे बघ, एक्केचाळीस पान." त्यांचा आवाज बदलला. "'मास्तरांची मुलगी माझ्या बाकावर बसे. किल्ली कुठं असते ते तिनंच मला सांगितलं. आणि आत जाऊन वडलांनाही तिनंच सांगितलं. मास्तरांना मी माफ केलं. तिला अजून जमलेलं नाही.'"

मंडईकडून हॉर्न ऐकू येत होते. "अप्पांबद्दल नाहीच हे," ते शेवटी म्हणाले. "अक्काबद्दल आहे. आणि ती मला एका शब्दानं बोलली नाही. मी अप्पांसाठी भांडतोय असंच समजत राहिलो... तिला हे पुस्तक काढता आलं असतं की गं. किल्ली तिच्याचकडे होती." मी म्हटलं, "दर महिन्याला टेबलावर मांडत होत्या त्या." मग त्यांना नियम सांगितला, न आवडणाऱ्या पुस्तकाचा. त्यांनी मान हलवली, उठले, टेबलाच्या फळीवरून हात फिरवला आणि त्या भोकात बोट घातलं. "ही त्या कपाटाची दारं. तिनंच उतरवली आणि त्यांचं हे टेबल करून घेतलं. सुताराला बोलवायला मीच गेलो होतो, तेव्हा विचारलंसुद्धा नाही, कशाला म्हणून." आणि डोळ्यांना पंचा लावला.

मग ते परत खिडकीशी जाऊन कार्ड लिहीत बसले. जाताना निळं पुस्तक त्यांनी टेबलावर, जिथून उचललं होतं तिथेच ठेवलं, त्यात कार्ड सरकवलं आणि एकेक पायरी बघत खाली उतरले. मी ते लगेच उघडलं. पहिल्या प्रश्नापुढे "होय" होतं. दुसऱ्यापुढे एक्केचाळीस. मागणीची ओळ कोरी होती. तिसऱ्या प्रश्नापुढे, लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं तिथे, कन्नडमध्ये एक ओळ होती. विचारायला अक्का नव्हत्या. मी वेताच्या खुर्चीत बसले आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. अवळिगे ओंदु पुस्तक बेकागित्तु. तिला एक पुस्तक हवं होतं.