पिकअप वाढवणारी डबी

सलूनवाल्या मामांना कुणी अक्कल शिकवलेली खपत नसे. मोटरसायकलचा पिकअप वाढवणारी डबी त्यांनी आणली आणि इमारतीच्या जिन्याखाली, अंधारात चाचपडत, स्वतःच इंजिनाजवळ जोडली. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागला की मामा सुरू, "अहो, गाडी नुसती उडतेय!"

आठवड्याने त्यांच्याच इमारतीतले मास्तर दाढीला आले. त्यांचीही मोटरसायकल तशीच काळी, त्याच जिन्याखाली उभी असायची. "आठवडाभर गाडी नुसती आचके देतेय, मामा," मास्तर वैतागून म्हणाले. "आज मेकॅनिकला इंजिनाजवळ कुणा गाढवानं जोडलेली डबी सापडली. ती काढली, तेव्हा कुठे सुतासारखी सरळ आली!"

मामांचा वस्तरा हवेतच थांबला. उरलेली दाढी त्यांनी भराभर उरकली.

संध्याकाळी घरी जाताना मामांची गाडी भलतीच जड चालत होती.